विश्लेषण : डॉक्टरच का व्हायचे? प्रवेश परीक्षेत कुणीही न विचारणारा प्रश्न महत्त्वाचा का?

‘नीट’चा निकाल लागला की घराघरांत एकच गणित सुरू होते. गुण किती, देशातला क्रमांक किती, सरकारी मिळेल का, नाही मिळाले तर खासगीचे शुल्क झेपेल का, की पुन्हा एक वर्ष तयारी करायची. या धावपळीत एक प्रश्न सहसा मागे राहतो : डॉक्टर व्हायचे ते कशासाठी? परीक्षा तो विचारत नाही, प्रवेश समिती विचारत नाही आणि घरातही उत्तर गृहीत धरलेले असते. मात्र साडेपाच वर्षांच्या अभ्यासात, रात्रपाळीत आणि पुढच्या प्रॅक्टिसमध्ये हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. डॉक्टर होण्याची कारणे कोणती असतात, ती कुठून येतात, कोणती टिकतात आणि प्रवेशाआधी ती तपासायची कशी, याविषयी…

प्रवेश प्रक्रियेत ‘का’ला जागा आहे का?

जवळपास नाही. एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट-यूजी’ या एका परीक्षेवर ठरतो. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सुमारे सव्वा लाख. एवढ्या गर्दीत मुलाखत घेणे, निबंध तपासणे व्यवहारात अवघड आहे. त्यामुळे गुण, आरक्षण आणि पसंतीक्रम यांवर यादी लागते.

याला दुसरी बाजूही आहे. ‘नीट’पूर्वी प्रत्येक राज्याची, अभिमत विद्यापीठाची आणि खासगी संस्थेची वेगळी परीक्षा असे. मुलाखतीच्या आणि देणगीच्या नावाखाली जागा विकल्या जात असल्याच्या तक्रारी सर्रास होत्या. एकच लेखी परीक्षा आल्याने त्याला काही प्रमाणात आळा बसला. शिवाय मुलाखतीत शहरी, सफाईदार इंग्रजी बोलणारा उमेदवार सहज उजवा ठरतो आणि खेड्यातून आलेली हुशार मुलगी मागे पडू शकते. म्हणून मुलाखत आणली की सगळे प्रश्न सुटतील, असेही नाही.

पूर्वी आणि इतर देशांत हा प्रश्न विचारला जात असे का?

काही ठिकाणी जरूर. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये, गांधीजींच्या डॉक्टर राहिलेल्या डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधी विचारांचाही पेपर असे. खेड्यांसाठी डॉक्टर घडवायचे, तर उमेदवाराचा कल आधीच पाहावा, असा त्यामागचा विचार होता. ‘नीट’ आल्यावर हा पेपर इतिहासजमा झाला. मात्र नव्या विद्यार्थ्यांना आश्रमात राहायला लावणे, गाव दत्तक घेऊन तिथल्या कुटुंबांशी नाते जोडणे या गोष्टींसाठी संस्था आजही ओळखली जाते.

तमिळनाडूतील वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजही केवळ लेखी गुणांवर निवड करत नसे. उमेदवारांच्या मुलाखती होत, गटात काम करताना ते कसे वागतात हे पाहिले जाई. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ अल्पसंख्याक आणि विनाअनुदानित संस्थांनाही बंधनकारक असल्याचा निकाल दिला.

ब्रिटनमधील वैद्यकीय महाविद्यालयांत मुलाखत हा प्रवेशाचा नेहमीचा टप्पा आहे आणि ‘वैद्यकीय शिक्षणच का?’ हा तिथला ठरलेला प्रश्न. अमेरिकेत अर्जासोबत सुमारे पाच हजार अक्षरांचे मनोगत लिहावे लागते. तिथेही पाठ केलेली उत्तरे आणि पैसे देऊन लिहून घेतलेली मनोगते असतातच. तरी निदान एकदा थांबून विचार करावा लागतो. आपल्याकडे तो थांबा प्रवेश प्रक्रियेत नाही. तो घरी घ्यावा लागतो.

आनंदीबाई आणि रखमाबाई यांची कारणे काय होती?

महाराष्ट्रात हा प्रश्न पहिल्यांदा जाहीरपणे विचारला गेला तो आनंदीबाई जोशी यांना. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. स्त्रियांनी पुरुष डॉक्टरांकडे जायचे नाही आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नाहीतच, ही त्या काळची कोंडी त्यांनी स्वतः भोगली. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी भाषण केले. आपण का जात आहोत, एकट्या का जात आहोत, भारतात शिकायची सोय नाही का, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज वाढते आहे आणि त्यासाठी आपण पुढे येत आहोत, हे त्यांच्या उत्तराचे सार होते.

मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र. ज्या प्रसंगाने त्या या वाटेवर आल्या, तोच प्रश्न त्यांनी अभ्यासाला घेतला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. पण क्षयाने गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले.

रखमाबाईंचा मार्ग वेगळा होता. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नावाजलेले डॉक्टर होते, त्यामुळे हा पेशा त्यांनी घरातच पाहिला होता. बालपणी झालेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८४ पासून चाललेला तो खटला देशभर गाजला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश आला तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. बालविवाहाने स्त्रीचे शिक्षण कसे तुटते, यावर त्या टोपणनावाने वृत्तपत्रात लिहीत होत्या. तडजोडीने खटला मिटल्यावर, मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुमारे ३५ वर्षे सुरत आणि राजकोट येथे त्यांनी स्त्रियांवर उपचार केले.

एकीच्या कारणात स्वतःच्या बाळाचा मृत्यू होता. दुसरीच्या कारणात घरचे वातावरण होते, शिक्षणाची ओढ होती आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची गरजही होती. दोन्ही कारणे त्यांची स्वतःची होती, हे महत्त्वाचे.

वेल्लोरच्या एका रात्रीचा जामखेडशी काय संबंध?

आयडा स्कडर या अमेरिकी मिशनरी डॉक्टरांच्या कुटुंबातील. घराण्यात डॉक्टरांची परंपरा होती, पण हेच आयुष्य पुन्हा जगायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. १८९० च्या सुमारास आजारी आईच्या मदतीसाठी त्या तमिळनाडूतील तिंडिवनम येथे आल्या. एका रात्री तीन वेगवेगळे पुरुष त्यांच्या दारी आले. तिघांच्याही बायका प्रसूतीत अडल्या होत्या. आयडा डॉक्टर नव्हत्या. डॉक्टर होते त्यांचे वडील. पण परपुरुषाने आपल्या बायकोला तपासणे तिघांनाही मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिघीही गेल्या.

जो वारसा नको होता, तो या रात्रीनंतर आयडा यांनी स्वतःहून घेतला. अमेरिकेत कॉर्नेल येथे १८९९ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या. वेल्लोरमध्ये एका खाटेपासून सुरू झालेल्या कामातून रुग्णालय उभे राहिले आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. तेच आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज.

याच महाविद्यालयात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे शिकले. खेड्यात काम करायचे हे दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते. १९७० मध्ये ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला आले. गावातल्याच, अनेकदा शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. या कामासाठी दोघांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे एका डॉक्टरचे ‘का’ संस्थेत रुजले, तर त्याच वातावरणातून पुढचे डॉक्टरही आपले ‘का’ घेऊन बाहेर पडतात.

कारण सतराव्या वर्षीच ठाऊक असावे लागते का?

नाही. काहींना लवकर उमगते. डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात गेले. गावांसाठी एकाने शेतीत आणि दुसऱ्याने आरोग्यात काम करायचे, हे दोघा भावांनी किशोरवयातच ठरवले होते, ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. डॉ. राणी बंग यांच्यासह अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते गडचिरोलीला आले. गावातील प्रशिक्षित बाईने घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

काहींना कारण नोकरीत सापडते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आताच्या जालना जिल्ह्यातील गरीब शेतकरी कुटुंबातले. नागपूरला एमबीबीएस झाल्यावर १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे, लहान मुले दगावत होती. हातात प्रभावी उपचार नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, हृदयावर आणि रक्तदाबावर विषाचा काय परिणाम होतो ते टिपले आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. एके काळी सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्यापर्यंत खाली आले. विंचवावर काम करायचे म्हणून ते डॉक्टर झाले नव्हते. नेमणूक झाली, रुग्ण समोर आले आणि आयुष्यभराचा प्रश्न तिथे मिळाला.

डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची जबाबदारी घेतली, तीही वैद्यकीय शिक्षणानंतर. बाबा आमटे यांच्यासोबत भामरागड परिसर पाहिला नसता, तर कदाचित ते शहरातच रमले असते. त्यामुळे बारावीतल्या मुलाने ‘अजून नक्की माहीत नाही’ असे म्हटले, तर त्यात काळजीचे कारण नाही. काळजी तेव्हा करावी, जेव्हा या विषयावर स्वतः विचार करायची संधीच त्याला मिळालेली नसते.

आजचे विद्यार्थी कोणती कारणे सांगतात?

ढोबळमानाने पाच-सहा. लोकांची सेवा करायची, हे पहिले आणि सर्वाधिक बोलले जाणारे. जीवशास्त्राची आवड हे दुसरे. घरातील आजारपण हे तिसरे. आजीचा डायलिसिस, वडिलांचा हृदयविकार, भावंडाचे अपंगत्व जवळून पाहिलेली मुले या वाटेला लागतात. चौथे, स्थिर उत्पन्न आणि समाजातला मान. पाचवे, घरचा दवाखाना किंवा रुग्णालय पुढे चालवायचे. आणि सहावे, जे मुले क्वचितच बोलून दाखवतात : आई-वडिलांची इच्छा.

ही कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. शेतमजुराच्या मुलीला घराची गरिबी संपवायची असते आणि गावातील बायकांवर उपचारही करायचे असतात. यातले एक खरे आणि दुसरे खोटे, असे मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे निर्णयाची वेळ मात्र फार लवकर येते. दहावीनंतर जीवशास्त्र घ्यायचे की गणित, इथेच पहिला फाटा फुटतो. लातूर, नांदेड, कोटा येथील शिकवणी वर्गांचे शुल्क भरले, घर सोडून वसतिगृहात राहायला गेले, एक-दोन वर्षे पुन्हा प्रयत्न केले की मागे वळणे कठीण होते. ‘एवढे केले, आता मध्येच सोडायचे कसे?’ हेच मग डॉक्टर होण्याचे सर्वांत मोठे कारण होऊन बसते.

पैसा आणि प्रतिष्ठा ही चुकीची कारणे आहेत का?

नाहीत, पण ती एकटी असतील तर अपुरी पडतात. पहिल्या पिढीतील डॉक्टरसाठी पांढरा कोट म्हणजे घराचे पक्के छप्पर, धाकट्या भावंडांचे शिक्षण आणि गावात ताठ मानेने चालणे असते. त्याला हिणवणे अन्यायाचे आहे. सेवाभावी डॉक्टरनेही घरखर्च चालवायचा असतो.

अडचण आहे ती हिशेबाची. एमबीबीएस साडेपाच वर्षांचे, त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. सरकारी महाविद्यालयातून शिकणाऱ्यांना महाराष्ट्रात त्यानंतर वर्षभराची बंधपत्रित सेवा असते. पुढे ‘नीट-पीजी’ आणि एमडी किंवा एमएसची तीन वर्षे. त्यापुढे अतिविशेष शिक्षण घ्यायचे तर आणखी तीन. इतर शाखांतील मित्र बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कमावू लागतात; डॉक्टरला हातात बरे उत्पन्न येईपर्यंत तिशी उलटते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क कर्ज काढून भरले असेल, तर पहिल्या रुग्णाआधी पहिला हप्ता दारात उभा असतो. झटपट पैसा हे कारण असेल, तर त्यासाठी हा लांबचा रस्ता आहे, एवढे मुलांना आधी कळायला हवे.

प्रेरणेविषयी संशोधन काय सांगते?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचे दोन मोठे गट मांडले. पहिल्या गटात माणूस एखादी गोष्ट करतो ती आवडते म्हणून किंवा ती करणे त्याला मनापासून पटते म्हणून. दुसऱ्या गटात तो ती करतो दबावामुळे, बक्षिसासाठी, लाज वाटू नये म्हणून. वैद्यकीय विद्यार्थ्यांवरही ही मांडणी वापरली गेली. पहिल्या प्रकारची प्रेरणा असलेले विद्यार्थी विषय खोलात शिरून शिकतात आणि कमी थकतात, असे त्यातून दिसते.

इथे बारकावा आहे. पालकांची इच्छा मुलाने समजून, पटवून घेतली, तर ती पहिल्या गटात जाते. आयडा स्कडर यांनी नाकारलेला वारसा नंतर स्वतःहून स्वीकारला, तसे. आणि सेवेची भाषा केवळ चांगले दिसावे म्हणून उचललेली असेल, तर ती दुसऱ्या गटात पडते. कारण उदात्त आहे का, यापेक्षा ते आपले आहे का, हे पाहायचे.

चांगल्या कारणाचीही झीज होते. फिलाडेल्फिया येथील जेफरसन मेडिकल कॉलेजमधील विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीचे मोजमाप केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णांमध्ये वावरू लागतात नेमके तेव्हा, सहानुभूतीचे गुण घसरल्याचे त्यात आढळले. ही घसरण किती मोठी, यावर पुढे वाद झाला. पण झोपेची कमतरता, वरिष्ठांचा ओरडा, वॉर्डातली गर्दी आणि डोळ्यांसमोरचे मृत्यू यांत सुरुवातीचे स्वप्न झिजते, हे कुठलाही निवासी डॉक्टर सांगेल.

कारण स्वतःचे नसेल तर काय होते?

बहुतेक जण निभावून नेतात. पण ताण मोठा असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यातील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले, तर सुमारे १६ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे विचार येऊन गेलेल्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या घरात होते.

या आकड्यांचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या प्रेरणेवर टाकणे चुकीचे ठरेल. कामाचे अमर्याद तास, रॅगिंग, भाषेची अडचण, वसतिगृहांची दुरवस्था, शुल्काचा बोजा, रुग्णांच्या नातेवाइकांकडून होणारे हल्ले ही कारणे व्यवस्थेची आहेत आणि ती व्यवस्थेनेच दूर करायला हवीत. मनापासून आलेला विद्यार्थीही यात मोडू शकतो. पण जो इथे दुसऱ्याच्या इच्छेने आला आहे, त्याला अडचण सांगायलाही घरात जागा उरत नाही. ‘मी म्हणालोच नव्हतो’ असे म्हणण्याची सोय त्याला नसते. अशा वेळी केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

पदवीनंतर ही कारणे कुठे दिसतात?

विषय निवडताना. पदव्युत्तर प्रवेशात रेडिओलॉजी, त्वचारोग, मेडिसिन यांच्या जागा वरच्या क्रमांकाचे उमेदवार लवकर संपवतात. शरीररचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांच्या जागा रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये तर रिकाम्या जागा भरण्यासाठी ‘नीट-पीजी’ची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. या विषयांत खासगी प्रॅक्टिसला वाव कमी, रुग्णांशी थेट संबंध कमी आणि समाजातली ओळखही कमी. पण पुढच्या डॉक्टरांना शिकवणार कोण, याचे उत्तर याच विषयांत आहे.

म्हणून प्रवेशानंतरही कारणाची मशागत करावी लागते. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात याची दखल आहे. पहिल्या वर्षी पायाभूत अभ्यासवर्ग असतो. वृत्ती, नीती आणि संवाद या घटकात ‘डॉक्टर असणे म्हणजे काय’ याच विषयावर सत्र असते. विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करण्याचा उपक्रमही आला आहे. कागदावर हे सेवाग्रामच्या वाटेने जाणारे आहे. सह्या करून सत्र उरकायचे की विद्यार्थ्यांना खरोखर बोलते करायचे, हे त्या त्या महाविद्यालयातील शिक्षकांवर अवलंबून राहते.

मन बदलले तर?

तर आयुष्य वाया गेले असे होत नाही. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात आणि आफ्रिकेत प्रॅक्टिस केल्यावर १९६९ मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. डॉ. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ; दौंडला दवाखाना सांभाळत त्यांनी नाटके आणि चित्रपट केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेला एमबीबीएस झाले, काही वर्षे दवाखाना चालवला आणि नंतर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला वाहून घेतले. धुळे जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबात वाढलेले डॉ. राजेंद्र भारुड मुंबईत एमबीबीएस करून सनदी सेवेत गेले. करोनाकाळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांनी प्राणवायू प्रकल्पांची आधीच केलेली तयारी देशभर चर्चेत आली. वैद्यकीय शिक्षण त्यांच्या उपयोगीच पडले.

मात्र आज वाट बदलणे पूर्वीपेक्षा महाग आहे. जागा मध्येच सोडल्यास दंड, शैक्षणिक कर्ज, बंधपत्र या गोष्टी आड येतात. त्यामुळे विचार प्रवेशाआधी केलेला बरा.

प्रवेशाआधी काय तपासावे?

पसंतीक्रम भरण्यापूर्वी पुढील गोष्टी करून पाहता येतील.

• ओळखीच्या डॉक्टरांच्या परवानगीने आठवडाभर दवाखान्यात बसा. ऑपरेशनच्या कथा ऐकण्यापेक्षा सोमवारची ओपीडी पाहा. साठावा रुग्णही तीच सर्दी, तोच गुडघा घेऊन येतो, तेव्हा डॉक्टर त्याच्याशी कसे बोलतात ते पाहा.

• नामांकित डॉक्टरांच्या भाषणाबरोबरच एखाद्या इंटर्नशी आणि निवासी डॉक्टरशी बोला. त्यांचा दिवस कसा जातो, शेवटचे पूर्ण झोप घेऊन केव्हा उठले, कशामुळे टिकून आहेत, हे विचारा.

• आजारी माणसाजवळ बसणे जमते का, ते पाहा. घरातील वृद्धांचे औषधपाणी, जखमेची पट्टी, अंथरूण स्वच्छ करणे यांतून बरेच कळते.

• नावाआधी ‘डॉक्टर’ लागणार नसेल, तरीही हे काम करायला आवडेल का, असे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर परिचर्या, फिजिओथेरपी, औषधनिर्माणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य या वाटाही खुल्या आहेत. एमबीबीएस न मिळाल्याने सगळे संपत नाही.

• विज्ञानाचीच ओढ जास्त आणि माणसांची कमी असेल, तर जीवशास्त्रातील संशोधन हा स्वतंत्र आणि तितकाच मानाचा रस्ता आहे.

• कुटुंबाने खर्चाचा हिशेब मुलासमोर मांडावा : शुल्क, कर्ज, पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची वर्षे. तो लपवला तर पुढे उपकाराचे ओझे होतो.

पालकांनी एक गोष्ट आवर्जून करावी. ‘डॉक्टर का व्हायचे आहे?’ असे विचारल्यावर मुलगा किंवा मुलगी जे सांगेल, ते मध्ये न बोलता पूर्ण ऐकावे. उत्तर ‘नाही व्हायचे’ असे आले, तरी घरात भांडण होणार नाही, याची खात्री आधी द्यावी. ही खात्री नसेल, तर मिळणारे उत्तर मुलाचे नसते.

आनंदीबाईंना हा प्रश्न विचारणाऱ्यांत टीकाकार होते, शेजारी होते. त्यांनी सगळ्यांना भर सभेत उत्तर दिले, कारण उत्तर त्यांच्याजवळ होते. आजच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून तेवढ्या ठाम उत्तराची अपेक्षा नाही. अर्धे का होईना, पण स्वतःचे उत्तर असावे. उरलेले अर्धे पुढे रुग्ण शिकवतात, जसे बिरवाडीच्या रुग्णांनी एका तरुण डॉक्टरला शिकवले.